दहा सह्यांची घोडी

दि. ४ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायला बसलेय ते रागातच, हे आधी सांगून टाकते. तीन आठवड्यांपूर्वी तुला कागद पाठवला. त्यावर नऊ सह्या आहेत, दहावी तुझी राहिलीय. आपल्या घोडीच्या, एकमतच्या, शर्यतीच्या कागदावर तू आजवर अकरा वेळा सही केलीस, आणि दर वेळी चौथ्या दिवशी कागद परत. मग या बाराव्या वेळेलाच काय पेन आटलं का तुझं?

बातमी तुझ्या कानावर आली असेल, तरी माझ्या तोंडून ऐक. रेसकोर्स बंद होतंय. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी शेवटच्या शर्यती, आणि महिन्याभरात फाटकाला कुलूप. त्या जागी प्रदर्शनाचे हॉल आणि इमारती होणार म्हणे. खरं तर कुलूप लागायला कधीचीच सुरुवात झाली होती. पूर्वी दिवसाला आठ शर्यती असायच्या, आता चार, आणि त्यातल्या एकीत जेमतेम पाच घोडे. स्टँडच्या वरच्या मजल्यावर कबुतरं बसतात. लोक घरी लोळत मोबाइलवर पैसे लावतात, तेही कुठल्या तरी परदेशातल्या घोड्यांवर. घोड्याचा वास कसा असतो हेसुद्धा त्यांना ठाऊक नाही.

दर शनिवारी फाटकाशी काही मंडळी फलक घेऊन उभी असतात, घोड्यांचे हाल थांबवा म्हणून. त्यातल्या एका मुलीच्या कुडत्याची शिवण उसवली होती. मी तिथेच उभ्या उभ्या टाके घालून दिले आणि मग आम्ही अर्धा तास भांडलो. तिला वाटत होतं की घोड्यांचे मालक सगळे गडगंज असतात. मी तिला सांगितलं की आमच्या घोडीला दहा मालक आहेत. त्यात एक कंपाउंडर, एक रिटायर झालेल्या हेडबाई, एक सलूनवाला, चार बस-ड्रायव्हर, एक चष्मेवाला, एक मी शिंपीण आणि एक रुसून लांब जाऊन बसलेला माझा भाऊ. घोडीच्या नावावरून दोन महिने भांडण झालं, शेवटी वैतागून नाव ठेवलं एकमत. जॉकीच्या जॅकेटच्या रंगावरून तर त्याहून मोठी जुंपली. मग मी राखाडी कापड आणलं. ते कुणालाच आवडलं नाही, आणि तिथेच सगळ्यांचं जमलं. मुलगी हसली, पण फलक काही खाली ठेवला नाही तिने.

तुझा नियमही तिला सांगितला. आपला पहिला घोडा शिलेदार गेल्यावर तू लिहून ठेवलंस की दहाही सह्या झाल्याशिवाय आपलं घोडं धावणार नाही, आणि घोडं मैदानात पाऊल टाकेपर्यंत कुणीही सही मागे घेऊ शकेल. नियम करून तू त्याच महिन्यात मुलाकडे निघून गेलास, आणि आम्ही आठ वर्षं तो पाळतोय.

दादा, तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घोड्यांसाठी जॅकेटं शिवली. माझ्या हातचं जॅकेट पहिलं आलं की मी टाळ्या वाजवते, आणि त्या टाळ्या परक्याच्या घोड्यासाठी असतात. आपली घोडी दोनदा दुसरी आलीय. ती एकदा पहिली आलेली मला बघायचीय. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय आता राहिली नाही. मे महिन्यात तिच्या पुढच्या डाव्या पायाला जरा सूज होती, ती पार उतरलीय. ट्रेनरसाहेब म्हणतात, घोडी अगदी रंगात आहे.

वहिनींना नमस्कार. लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा पुरे. फक्त सही कर.

तुझी,
ठिणगी


दि. १३ सप्टेंबर

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

पेन आटलेलं नाही, हे अक्षरावरून कळेलच. सही करणार नाही.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचलं. रुसून बसलेला भाऊ या शब्दांवर आल्यावर ती इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. हसू दे. मी इथे अकराव्या मजल्यावर मजेत आहे. अजून साडेचारला जाग येते. तबेला नसल्यामुळे शेजाऱ्यांचा कुत्रा फिरवून आणतो. तो माझं ऐकत नाही. घोडे ऐकायचे.

रेसकोर्स बंद होतंय त्याचं मला सुतक नाही. तीस वर्षं घोड्यांची निगा राखत मोतद्दारी केली, त्यातली शेवटची बारा हेड-मोतद्दार म्हणून. चांगलं बघितलं तसं वाईटही बघितलं. फाटकावरची ती मुलगी म्हणते त्यातलं निम्मं खरं आहे, आणि उरलेलं निम्मं तिला माहीत नाही म्हणून ती म्हणत नाही.

शिवाय शेवटचा दिवस हा वाईट दिवस. उद्या शर्यत असली की माणूस आज घोडा जपतो. उद्याच नसला तर कोण कशाला जपेल? त्या दिवशी ज्याच्या त्याच्या डोक्यात एकच असतं, आजचं आज. त्यातून तू सहज जाता जाता लिहितेस की डाव्या पायाला सूज होती. शिलेदारचाही डावाच होता. मैदानातल्या खड्ड्यात त्याचा पाय गेला आणि काय झालं ते तू स्टँडमधून बघितलंस. मी कठड्याशी उभा होतो. पुन्हा ते बघायची माझी छाती नाही, लांबूनसुद्धा.

घोडीला कुणी चांगलं घर देत असेल तर देऊन टाका. तू जॅकेटं सोडून शाळेचे गणवेश शिव. त्यांना मरण नाही.

रागावलीस तरी जेवत जा. माझा लोभ तू नको म्हटलंस तरी आहेच.

तुझा,
दादा


दि. २१ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

यातला सा. साष्टांगाचा नाही, साधाच नमस्कार आहे. तेवढीच तुझी लायकी.

गणवेश शिव म्हणतोस? तू घाल आधी. त्या अकराव्या मजल्यावर तू रोज कुठली शाळा भरवून बसला आहेस ते मला दिसतंय. नियम तूच केलास, दहा सह्यांचा. आम्हाला वाटलं की शहाण्या माणसाने सगळ्यांचा मान राखला. आता कळतंय, कुणालाही न दुखवता सगळ्यांना अडवायची सोय करून ठेवलीस.

आणि तो खड्डा. तुझं पत्र वाचून मी तडक मैदानाच्या जुन्या माळ्याकडे गेले. खड्डा बुजवला नाही म्हणून त्याला कामावरून काढलं होतं, आठवतं? आता रोपं विकतो. कुंड्यांच्या रांगेत बसून होता. मी त्याला विचारलं की त्या वर्षी मैदान खरंच इतकं खराब होतं का. तो मला म्हणाला, बाई, खड्डा नव्हताच. आदल्या संध्याकाळी तो पूर्ण मैदान चालला होता, अनवाणी. आठ वर्षं तो हेच सांगतोय आणि आठ वर्षं त्याचं कुणी ऐकत नाही, कारण खड्डा तू बघितलास असं तू सांगितलं होतंस, आणि तुझा शब्द म्हणजे रेसकोर्सवर दगडावरची रेघ.

मी काही म्हणत नाही. फक्त विचारते. मला खरं काय ते लिही. खरं वाचून मला पटलं तर मी एकमतला धावायला नेणार नाही, तिचा शेवटचा दिवस असला तरी. पण तुझ्या भीतीला मी भीक घालणार नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, हा न्याय मला चालत नाही, मग संन्यासी माळी असो नाहीतर घोडी.

वहिनींना माझा मनापासून नमस्कार. तुझ्याबद्दलचा लोभ सध्या टांगणीला आहे.

ठिणगी


दि. ५ ऑक्टोबर

चि. ठिणगीस,
आशीर्वाद. तुला ते नको असतील तर बाजूला ठेव.

माळी खरं बोलतो. खड्डा नव्हता.

शर्यतीच्या दिवशी सकाळी शिलेदारच्या डाव्या पायाला हात लावला तर नळीच्या हाडामागची दोरीसारखी शीर गरम लागली. फार नाही, चहा निवल्यावर कप जेवढा गरम असतो तेवढी. मी ट्रेनरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, डॉक्टर यायला अजून तास आहे, बघ काय करता येतं. काय करता येतं ते आम्हा जुन्या मोतद्दारांना माहीत होतं. बर्फाच्या पाण्याच्या बादलीत पाय ठेवायचा, पाऊण तास. डॉक्टरने हात लावला, पाय गार. घोडा पास झाला. शेवटच्या वळणावर शीर तुटली.

तो खाली पडला तेव्हा सगळ्यांच्या आधी मी पोचलो. लोक विचारू लागले, काय झालं. माझ्या तोंडून निघालं, खड्डा. विचार करून निघालं नाही. पण नंतर आठ वर्षं मी ते परत घेतलंही नाही, ते मात्र विचार करूनच. माळ्याला काढलं त्या दिवशी मी तबेल्यातच होतो. तो समोरून सायकल घेऊन गेला. मी घोड्याला खरारा करत राहिलो.

तुझ्या वहिनीलाही हे काल पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, माळ्याला लिही. त्याला वेगळं पत्र लिहिलंय. त्याचं काय करायचं ते त्याने ठरवावं.

सोबत कागद आहे, सही करून. चकित होऊ नकोस. सही अडवून बसणं सोपं होतं, पण तू म्हणालीस ते खरं, ती भीतीच होती. घोडीचा पाय मला अकराव्या मजल्यावरून दिसत नाही. तुला दिसेल. तिचा पाय खरंच बरा असेल तर धावू दे तिला, आणि मनसोक्त टाळ्या वाजव.

पण एक कर. त्या दिवशी सकाळी स्वतः जा. तळहात लावू नकोस, शिवून शिवून तुझ्या तळहाताला घट्टे पडलेत. हाताची मागची बाजू लाव. आणि एकाच पायाला नाही, चारही पायांना लाव. एक पाय बाकीच्या तिन्हींसारखा नसेल तर काहीतरी आहे, मग डॉक्टर काही म्हणो.

लोभ मागायला तोंड नाही. म्हणून मागत नाही.

दादा


दि. २ नोव्हेंबर

ती. दादास,
न. वि. वि.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी फाडणार होते. दुसऱ्या वेळी रडले. चौथ्या वेळी त्यातलं चारही पायांचं वाक्य पाठ केलं. ते पाठ केलं नसतं तर आज हे पत्र वेगळं असतं.

शनिवारी सकाळी सहा वाजता सगळी जॅकेटं इस्त्री करून जॉकींच्या खोलीत खुंट्यांवर लावली आणि अकराला तबेल्यात गेले. बाहेर गर्दी लोटली होती. वर्षानुवर्षं न फिरकलेली माणसं नवे कपडे घालून आली होती. एकमत शांतपणे चारा खात होती. डॉक्टर अर्ध्या तासापूर्वीच तिला पास करून गेले होते. मी खाली बसून हाताची मागची बाजू डाव्या पायाला लावली. गार. इतकं बरं वाटलं दादा, काय सांगू. मी उठलेसुद्धा. मग आठवलं, चारही. पुन्हा बसले. बाकीचे तीन पाय कोमट होते आणि हा एकटाच नळाखाली धरलेल्या भांड्यासारखा. आणि खालचं गवत त्याच एका कोपऱ्यात भिजलेलं.

मोतद्दाराला विचारलं. तो म्हणाला की ट्रेनरसाहेबांनी सांगितलं म्हणून केलं. आणि ही बर्फाची युक्ती तो तुझ्याकडूनच शिकलाय, तुझ्या हाताखाली असताना. हे तुला लिहू नये असं क्षणभर वाटलं. पण लपवालपवीने आपलं पुरेसं वाटोळं झालंय, म्हणून लिहिलं.

मी ट्रेनरसाहेबांना सांगितलं, घोडी धावणार नाही, मी सही मागे घेतेय. ते म्हणाले, गार पाय म्हणजे चांगला पाय, डॉक्टरांपेक्षा शिंपिणीला जास्त कळतं का. आमचा दहा सह्यांचा कागद घरगुती आहे म्हणाले, त्यात वाण्याने पुड्या बांधाव्यात, रेसकोर्सचा क्लब फक्त ट्रेनरने दिलेली एन्ट्री ओळखतो. आपली मंडळीही माझ्यावरच उलटली. हेडबाई म्हणाल्या की दोन महिने सह्यांसाठी आमचं डोकं खाल्लंस आणि आता ऐन वेळी हे काय. कंपाउंडर म्हणाला, हिला वेड लागलंय. मी पायाचं सांगत होते, पण हात लावून बघायला कुणी तयार नव्हतं. सगळ्यांना शर्यत हवी होती. त्यांना काय बोलणार, सगळ्यांत जास्त मलाच हवी होती.

मग मी जॉकींच्या खोलीत गेले. क्लबचाच नियम आहे, तीस वर्षं मला पाठ आहे. नोंदवलेल्या रंगाच्या जॅकेटशिवाय जॉकीला मैदानात उतरता येत नाही, आणि रंग बदलायचा तर सगळ्या मालकांची लेखी संमती लागते. दहावी संमती द्यायला मी मेले तरी तयार नव्हते. खुंटीवरचं राखाडी जॅकेट काढलं, पिशवीतली कात्री काढली आणि गळ्यापासून खालपर्यंत उभं फाडलं. मग मनात आलं, हे तर मीच पाच मिनिटांत टाके घालून जोडून देईन, दुसरा कुणीही देईल. म्हणून दोन्ही बाह्या वेगळ्या केल्या आणि त्यांचे पण दोन दोन तुकडे केले. जॉकी समोर बसला होता. तो बूट काढायला लागला. बूट काढून झाल्यावर हळूच म्हणाला की गुरुवारीच घोडी डावा पाय बिचकत टाकत होती, पण सांगायची हिंमत झाली नाही.

फळ्यावरून तिचा नंबर उतरवला तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला. तिच्यावर पैसे लावलेले लोक माझ्या नावाने शंख करत होते. मी तुकडे काखेत धरून सगळ्यांसमोर उभी राहिले. ज्याला जे वाटायचं ते वाटो.

शेवटची शर्यत मी बघितली नाही. तबेल्यात तिच्या पायाशी बसले होते, आवाज तेवढा ऐकला. वाईट वाटलं, दादा. फार वाईट वाटलं. तीस वर्षांची हौस होती आणि ती मीच माझ्या कात्रीने कापली. पाच वाजेपर्यंत बर्फाचा असर उतरला आणि पाय गरम झाला. मी हेडबाईंचा हात धरून पायाला लावला. इतकी वर्षं पोरांचे कान धरलेला हात तो, चटका बसल्यासारखा त्यांनी मागे घेतला. डॉक्टरांनी मशीन लावून बघितलं. शीर अर्धी विरली होती. एक धाव, आणि संपलं असतं.

सोमवारी माझ्या दुकानात सगळे जमले. कंपाउंडरने वेड्या बाईची माफी मागितली, मी ती दिली. नवा कागद केला. एकमतला विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, ती मरेपर्यंत दहा जणांची. हेडबाईंच्या घरामागे मोकळी जागा आहे, तिथे चष्मेवाल्याने आणि ड्रायव्हरांनी कुंपण घातलं. नव्या कागदावर नऊ सह्या झाल्यात. फलकवाली मुलगी रेसकोर्स बंद झालं म्हणून पेढे वाटायला आल्यासारखं तोंड करून आली होती. मी तिला सांगितलं, तबेल्यात अजून अठरा घोडे उभे आहेत आणि त्यांचे मालक पळालेत, आता यांचे हाल कोण थांबवणार? फलक धरायला हात लागतात तेवढेच चारा उचलायला लागतात. ती आता रोज सकाळी येते. आम्ही अजून भांडतो.

माळ्याने तुझं पत्र क्लबच्या सेक्रेटरीच्या टेबलावर आपटलं आणि ते बोर्डावर लावायला लावलं. लावलंय. फाटकाला कुलूप पडेपर्यंत सगळे वाचतील. तुला त्याने माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही. मी केलं की नाही तेही अजून ठरवलेलं नाही.

पण मोतद्दार दुसऱ्या गावी कामाला गेला. तिच्या पायाला सहा महिने रोज पट्टी बांधायची आहे, आणि ती जास्त घट्ट नको, सैल नको. मी जगातलं कुठलंही कापड बांधीन, पण हे मला येत नाही. कागद सोबत पाठवतेय. दहावी जागा रिकामी आहे.

लोभ टांगणीवरून काढलाय. अजून हातात दिलेला नाही.

ठिणगी


दि. ११ नोव्हेंबर

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मोतद्दाराला ते मीच शिकवलं, हे खरं आहे. तू लिहिलंस ते बरं केलंस. त्याचा पत्ता मिळव. मी त्याला जे शिकवलं ते मलाच पुसून काढावं लागेल.

जॅकेट फाडल्याचं वाचून तुझी वहिनी खुर्चीतून उठली आणि खोलीत दोन फेऱ्या मारून परत बसली. असं तिने आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच केलं. मुलगा म्हणतो, एकाहत्तराव्या वर्षी घोड्याच्या पायाशी बसणार का. मी म्हटलं, बसता येतं, उठताना कुणीतरी हात द्यावा लागेल. ठिणगी देईल, नाहीतर ती फलकवाली.

पट्ट्या माझ्याकडे आहेत. आठ वर्षं कपाटाच्या तळाशी होत्या, टाकवत नव्हत्या. काल धुऊन गच्चीवर वाळवल्या. त्या घट्ट नको सैल नको कशा बांधायच्या ते हाताला आठवतंय, कुत्र्याच्या पायावर बांधून बघितलं. त्याने पहिल्यांदाच माझं ऐकलं.

गुरुवारी सकाळच्या गाडीने निघतो. उतरल्यावर आधी माळ्याच्या दारात जाईन. त्याने दार लावलं तर बाहेर उभा राहीन. मग बोर्डावरचं माझं पत्र बघायला जाईन, कारण लिहिताना अक्षर जरा हललं होतं, वाचता येतंय की नाही ते बघायचंय. मग घोडीकडे.

नवा कागद वाचला. दहावी सही टपालाने पाठवत नाही. घेऊन येतोय.

तुझा,
दादा